अर्धं इंजिन, पूर्ण धंदा : छोट्या हत्तीच्या ७०२ सीसी डिझेलची गोष्ट



मागच्या व्हिडिओत दुकानासमोर उभी असलेली आमची टाटा एस तुम्ही बघितली असेल. बोलता बोलता मी म्हणालो होतो, "या गाडीचं इंजिन म्हणजे इंडिकाचं अर्धं इंजिन." त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की अर्धं म्हणजे नक्की काय? करवतीने कापलं की काय? आता बारा मिनिटांच्या व्हिडिओत हे सगळं बसत नाही, म्हणून इथे निवांत लिहितोय.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. बीबीए केलं, कराडला पॅकिंग मटेरियलचं दुकान टाकलं आणि आता दुकान सांभाळून तुमच्यासारख्यांना चार गोष्टी शिकवतो. पण या छोट्या इंजिनात धंद्याचा जो धडा आहे, तो मला कॉलेजच्या तीन वर्षांत कुणी शिकवला नाही. तो उशिरा कळला आणि त्याची किंमत घरातल्या सोन्याने मोजावी लागली. तेही सांगणार आहे, लपवणार नाही. पण आधी इंजिन.

मोठ्या ट्रकवाल्यांना छोटी गाडी का सुचली?

साल २०००-०१. आज जिला आपण टाटा मोटर्स म्हणतो, ती तेव्हा टेल्को होती. त्या वर्षी कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. ट्रकच्या बाजारात दबदबा असलेली कंपनी, आणि ५०० कोटींचा खड्डा!

कारण समजून घ्या, कारण ते तुमच्या धंद्यालाही लागू पडतं. मोठा ट्रक कोण घेतं? ज्याच्याकडे माल वाहायचं काम आहे तो. देशात कारखाने जोरात असले की ट्रक खपतात, मंदी आली की पहिला फटका ट्रकला बसतो. जुना ट्रक अजून दोन वर्षं ओढता येतो ना! म्हणजे एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर अख्खं दुकान उभं होतं.

त्याच काळात देशात दोन गोष्टी घडत होत्या. एक, सुवर्ण चतुष्कोनाचे चार पदरी रस्ते होत होते. त्यामुळे लांबचा माल आणखी मोठ्या ट्रकमधून जाणार हे दिसत होतं. दोन, शहरांमध्ये दिवसा अवजड गाड्यांना बंदी असायची. मग शहराच्या वेशीवर उतरलेला माल आत गल्लीतल्या दुकानापर्यंत कोण नेणार? तेव्हा ते काम तीनचाकी टेम्पो आणि मालवाहू रिक्षा करत होत्या. त्या बाजारात टाटांची एकही गाडी नव्हती.

तेव्हा कंपनीच्या ट्रक विभागाची सूत्रं रवी कांत यांच्याकडे होती. त्यांनी या छोट्या गाडीचं काम दिलं गिरीश वाघ नावाच्या तिशीतल्या इंजिनिअरकडे. हे वाघ आधी इंडिकाच्या कामात होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गिऱ्हाइकाने काय मागितलं?

टीम आधी रस्त्यावर गेली. तीनचाकी चालवणाऱ्यांशी, माल पाठवणाऱ्या दुकानदारांशी बोलली. यातला एक मुद्दा पुढे बराच गाजला. चारचाकी असेल तर समाजात मान मिळतो, लग्नाच्या बाजारात भाव वाढतो, असं तीनचाकीवाल्यांच्या मनात होतं. हसू नका. तुमचं गिऱ्हाईकसुद्धा वस्तूबरोबर मान विकत घेत असतं.

पण भावना बाजूला ठेवली तरी रोजच्या कामाच्या मागण्या अगदी साध्या होत्या. तुम्हीच विचार करा, भाजी, दूध, सिमेंट, गॅसच्या टाक्या वाहणाऱ्या माणसाला काय हवं असतं?

- गाडी गल्लीत वळली पाहिजे.
- कागदावर पाऊण टन लिहिलं असलं तरी सीझनला त्याच्या वर टाकलेला माल ओढला पाहिजे. (हे करू नका असं मी सांगेन, पण बाजारात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे.)
- डिझेल कमी प्यायलं पाहिजे.
- बिघडली तर तालुक्याच्या ठिकाणी कुठल्याही मेकॅनिकला उघडता आली पाहिजे.
- आणि हप्ता तीनचाकीच्या हप्त्याहून फार वर जाता कामा नये.

शेवटची अट सगळ्यात जड. त्यामुळे गाडीची किंमत दोन लाखांच्या आसपास बसवायची असं ठरलं. किंमत आधी ठरली, गाडी नंतर. आपण बहुतेक जण उलटं करतो. वस्तू बनवतो, खर्च काढतो, त्यावर नफा लावतो आणि मग गिऱ्हाईक शोधत फिरतो.

इंजिन आणायचं कुठून?

अशा गाडीसाठी कुठल्याही कंपनीपुढे तीन रस्ते असतात.

पहिला रस्ता, तीनचाकीत असतं तसं एका सिलिंडरचं इंजिन बसवायचं. चारशे-साडेचारशे सीसी, सात-आठ हॉर्सपॉवर. स्वस्त, साधं, हवेवर थंड होणारं. पण ते अर्धा टन ओढण्यासाठी बरं. त्यावर चार चाकं, पत्र्याची केबिन आणि पाऊण टन माल लादला की चढावर दम लागणार. शिवाय एका सिलिंडरचा दणका. त्या गाडीत दिवसभर बसून बघा, रात्री हात थरथरतात.

दुसरा रस्ता, कोऱ्या कागदावर नवं इंजिन आखायचं. हौस भागते, पण वर्षं जातात आणि पैसा पाण्यासारखा जातो. दोन लाखांच्या गाडीवर तो खर्च वसूल कसा करणार?

तिसरा रस्ता, घरात काय आहे ते बघायचं. घरात होतं इंडिकाचं डिझेल इंजिन. इंडिका १९९८ च्या अखेरीस आली होती. सुरुवातीला गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या, त्या निस्तरून २००१ मध्ये व्ही-टू आली आणि गाडी टॅक्सीवाल्यांच्या गळ्यातला ताईत झाली. म्हणजे या इंजिनाने रस्त्यावर मार खाऊन झाला होता. त्याचे दोष कंपनीला माहीत होते, मेकॅनिकांना त्याची सवय झाली होती.

आता मजा बघा. इंडिकाच्या त्या इंजिनाचं नाव ४७५. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर. पिस्टन खालीवर फिरतो ते अंतर ७९.५ मिलिमीटर. एका सिलिंडरचं आकारमान होतं सुमारे ३५१ सीसी. चार सिलिंडरचे १४०५ सीसी.

टाटा एसच्या इंजिनाचं नाव काय? २७५. दोन सिलिंडर, व्यास तोच ७५. दोन सिलिंडरचे ७०२ सीसी. नावातच सगळी गोष्ट आहे!

आकार तोच ठेवल्याचा फायदा मोठा आहे. सिलिंडरच्या आत डिझेल किती सोडायचं, ते कसं पेटतं, उष्णता कुठे साठते, हे गणित पहिल्यापासून मांडावं लागत नाही. आधीच सुटलेलं उदाहरण हाताशी असतं. इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचंच राहिलं. म्हणजे डिझेल आधी हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात पेटतं आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरतं. सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनापेक्षा यात थोडं डिझेल जास्त जातं, पण आवाज मवाळ राहतो आणि साध्या मेकॅनिकल पंपावर काम भागतं. लॅपटॉप जोडल्याशिवाय न उघडणारं इंजिन त्या गिऱ्हाइकाला नकोच होतं.

अर्धं करणं म्हणजे कापणं नाही

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, अरे सोपं आहे! चारातले दोन काढले, झालं काम. थांबा.

चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. तराजूची दोन पारडी. एकाचा झटका दुसरा बऱ्यापैकी मारतो. दोनच पिस्टन उरले की हा तराजू बिघडतो. दोन्ही पिस्टन बरोबर वर-खाली केले तर स्फोट समान अंतराने होतात, पण सगळं वजन एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली, म्हणून इंजिन उड्या मारतं. एक वर, एक खाली केलं तर तो धक्का कमी होतो, पण स्फोटांमधलं अंतर कमी-जास्त होतं आणि इंजिन डुलतं. कुठलाही मार्ग घ्या, त्याच्यावर इलाज करावाच लागतो. तोल सांभाळणारी वजनं, इंजिनाखालची रबरं, चेसिसची बांधणी, सगळं नव्याने जुळवावं लागतं.

शिवाय चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. दोनमध्ये सरासरी एका पूर्ण फेऱ्याला एक. मधल्या वेळात इंजिन फिरतं ठेवायला फ्लायव्हीलला जास्त काम करावं लागतं. म्हणजे क्रँक नवा, ब्लॉक नवा, हेड नवं. "अर्धं इंजिन" हा बोलायचा शब्द आहे. प्रत्यक्षात अर्ध्या इंजिनासाठी पुष्कळ पूर्ण काम करावं लागतं.

आता वही काढा आणि हा मुद्दा लिहून घ्या. माल अर्धा केला म्हणून खर्च अर्धा होत नाही. पिस्टन निम्मे लागतील, व्हॉल्व्ह निम्मे, इंजेक्टर निम्मे. पण डिझेलचा पंप? एकच. स्टार्टर? एकच. फ्लायव्हील एक, रेडिएटर एक, बॅटरी एक. जुळणी करणाऱ्या कामगाराचा वेळही काही निम्मा होत नाही. ही जी "एकच" वाली यादी आहे, ती छोट्या वस्तूला फार महाग पडते. त्यातून सुटका एकाच मार्गाने होते, भरपूर नग विकून.

मग नेमकं कापलं काय?

माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे. आकडे बघा.

इंडिकाचं १४०५ सीसी डिझेल सुमारे ५३ हॉर्सपॉवर द्यायचं. निम्मं केलं तर साधारण २६ यायला हवी होती. टाटा एसला दिली किती? १६ हॉर्सपॉवर. निम्म्याच्याही बरीच खाली!

आता टॉर्क बघू. टॉर्क म्हणजे ओढ, भरलेली गाडी जागेवरून हलवायची आणि चढावर खेचायची ताकद. इंडिकाची होती साधारण ८५ न्यूटन-मीटर. निम्मं म्हणजे ४२ च्या आसपास. टाटा एसची ३८ च्या जवळपास, आणि तीही २००० आरपीएमवरच हाताशी. म्हणजे ओढ जवळजवळ पूर्ण निम्मी राखली आणि हॉर्सपॉवर मात्र तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आणली.

हे कसं जमलं? हॉर्सपॉवर म्हणजे ओढ गुणिले फेरे. इंडिकाचं इंजिन पूर्ण ताकद द्यायला मिनिटाला पाच हजारांहून जास्त फेरे घ्यायचं. टाटा एसचं इंजिन ३२०० फेऱ्यांवरच पूर्ण ताकद देतं. ओढीला हात लावला नाही, फेरे कापले.

कारवाल्याला फेरे हवे असतात, हायवेवर ओव्हरटेक करायचं असतं. भाजीची गाडी मार्केट यार्डातून निघून मंडईत जाते. तिला ताशी ६० च्या घरातला वेग पुरतो. पण गोणी भरलेल्या असताना पुलाच्या चढावर ती मागे सरकता कामा नये. फेरे कमी झाले की पिस्टन दिवसभर कमी घासतो, उष्णता कमी, इंजिनाचं आयुष्य वाढतं, डिझेल वाचतं. गिऱ्हाईक ज्याचे पैसे द्यायला तयार नव्हतं तेवढंच काढलं. ज्यावर त्याचं पोट चालतं, ते ठेवलं.

आमच्या गाडीवरचे मामा हेच त्यांच्या भाषेत सांगतात. पाटणच्या बाजूला माल टाकायला जाताना मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न मारून पुढे जातो. मी एकदा वैतागलो, तर मामा म्हणाले, "मालक, ही पळत नाय. पर थांबत बी नाय."

मे २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली, सव्वादोन लाखांच्या आसपास किमतीला. एप्रिल २००५ मध्येच मोठ्या शहरांत बीएस-थ्री आणि बाकी देशात बीएस-टू चे प्रदूषणाचे नियम लागू झाले होते, त्यात बसवून. लोकांनी तिचं नाव ठेवलं छोटा हत्ती. सुरुवातीला गाडी पुण्याच्या कारखान्यात बनत होती, मग मागणी एवढी वाढली की उत्तराखंडात पंतनगरला वेगळा कारखाना उभा राहिला. २०१२ पर्यंत दहा लाख गाड्या विकल्या गेल्या. मघाशी म्हटलं ना, "एकच" वाली यादी भरपूर नग विकूनच परवडते? ते असं.

आता माझी चूक

२०१६ ची गोष्ट. दुकान बरं चाललं होतं. डोक्यात आलं, पत्रावळ्या आणि द्रोण दुसऱ्याकडून का घ्यायचे, आपणच बनवू. मशीन बघायला गेलो. छोटी मशीन होती, दिवसाला पाच-सहा हजार नग काढणारी. शेजारी मोठी ऑटोमॅटिक, वीस-पंचवीस हजार काढणारी. विकणारा म्हणाला, मोठी घ्या, नग स्वस्त पडेल. हिशोबही करून दाखवला. हिशोब बरोबर होता, मी विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

मशीन ६ लाख ४० हजारांची. १ लाख ४० हजार घरचे, ५ लाख कर्ज, पाच वर्षांची मुदत, महिना ११ हजारांच्या वर हप्ता. आणि माझी विक्री किती? लग्नसराई सोडली तर दिवसाला तीन-चार हजार पत्रावळ्या. म्हणजे मशीन आठवड्यात जेमतेम एक-दीड दिवस चालायची, बाकी दिवस तिच्यावर चादर. हप्ता मात्र रोज चालायचा. हप्त्यावर चादर घालता येत नाही.

दोन वर्षं ओढलं. शेवटी अडीच लाखांना मशीन विकली. बँकेचे तेव्हा ३ लाख ३५ हजार बाकी होते. वरचे ८५ हजार भरायला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. तिने एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

छोट्या हत्तीच्या इंजिनाची गोष्ट मी नंतर वाचली, तेव्हा लगेच डोक्यात आलं, अरे, मी ५५०० आरपीएमची मशीन घेतली होती आणि माझं गिऱ्हाईक ३२०० चं होतं.

आणि अर्ध्याचा माझा प्रयोग

हप्त्यातून सुटल्यावर मी घरात काय आहे ते बघायला लागलो. दुकानात केक आणि मिठाईचे बॉक्स शंभरच्या गठ्ठ्यात विकायचो. ६०० रुपये गठ्ठा, मला पडायचा ५२०, सुटायचे ८०. घरून केक करणाऱ्या ताई यायच्या, भाव विचारायच्या आणि म्हणायच्या, "दादा, शंभर घेऊन ठेवू कुठे? वीस-पंचवीस द्या ना." मी वर्षानुवर्षं नाही म्हणत होतो.

मग पंचवीसचं पॅक काढलं. चौथा हिस्सा माल, म्हणून चौथा हिस्सा भाव, १५० रुपये. खुशीत होतो. महिन्याने हिशोब केला तर हातात काहीच नाही! का? बॉक्स १३० ला पडत होते, पण पिशवी, स्टिकर आणि मोजून भरणाऱ्या पोराचा वेळ मिळून प्रत्येक पॅकला १४ रुपये जात होते. उरायचे ६. चार पॅक विकले तर २४, आणि तोच गठ्ठा अख्खा विकला तर ८०. ती "एकच" वाली यादी मी विसरलो होतो.

भाव १७५ केला. भीती होती, ताई भांडतील. कुणी भांडलं नाही. त्यांना बॉक्सचा भाव नको होता, शंभर बॉक्स घरात न साठवण्याची सोय हवी होती. आता पॅकमागे ३१ रुपये सुटतात, चार पॅकचे १२४. गठ्ठ्यापेक्षा जास्त. वर्षभरात पाटल्या सोडवल्या. आणि नंतर एक जुनी टाटा एस घेतली, तीच तुम्ही व्हिडिओत बघितली.

अर्ध्याला मर्यादाही असते

एवढं कौतुक करून थांबलो तर तुमची फसवणूक होईल. या इंजिनाच्या कमतरताही होत्या आणि पुढे त्या उघड्या पडल्या.

ज्या गिऱ्हाइकाने तीनचाकी सोडून टाटा एस घेतली, त्याचा धंदा वाढला. आता त्याला लांब जायचं होतं, जास्त माल न्यायचा होता. १६ हॉर्सपॉवर त्याला तोकडी पडायला लागली. २०१० मध्ये महिंद्राची मॅक्सिमो आली. तिचंही इंजिन दोन सिलिंडरचंच, पण ९०९ सीसी आणि कॉमन रेलचं. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली. तीन सिलिंडर, दीड लिटरच्या जवळपास, आणि सव्वा टन वजन. मोठं इंजिन मागणारं गिऱ्हाईक तयार कुणी केलं? छोट्या इंजिनानेच! तुमचं गिऱ्हाईक तुमच्यामुळे मोठं होत असेल, तर त्याच्या पुढच्या गरजेची वस्तू तुमच्याकडे तयार हवी. नाहीतर शेजारचा ठेवेल.

दुसरी गोष्ट, एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं. डिझेलचा धूर इतका स्वच्छ करायचा तर त्याची यंत्रणा बसवावी लागते. आता सांगा, ती यंत्रणा कुठल्या यादीत येते? बरोबर, "एकच" वाल्या! इंजिन मोठं असो की छोटं, यंत्रणा बसवावीच लागते, आणि दोन-चार लाखांच्या गाडीला तिचं ओझं सगळ्यात जास्त. मारुतीने २०१६ मध्ये सुपर कॅरी आणली होती ७९३ सीसीच्या दोन सिलिंडर डिझेलवर. बीएस-सिक्स आलं आणि मारुतीने डिझेलच सोडून दिलं. टाटा एस आता पेट्रोल आणि सीएनजीवरही मिळते, २०२२ मध्ये बॅटरीवरचीही आली. ज्या साधेपणावर हे इंजिन उभं होतं, त्या साधेपणाचा काळ नियमांनी संपवला. त्यात इंजिनाची चूक नाही. पण डोळे मिटून बसलेल्या दुकानदाराची चूक धरली जाते.

तुमचा गृहपाठ

नेहमीप्रमाणे वाचून सोडून देऊ नका. आज रात्री दुकान बंद केल्यावर पंधरा मिनिटं काढा आणि हे पाच प्रश्न वहीत लिहा.

१. तुमच्याकडे आधीच असलेली, मार खाऊन तयार झालेली वस्तू, मशीन किंवा कौशल्य कोणतं? तुमचं "इंडिकाचं इंजिन" कोणतं?

२. गिऱ्हाईक कशाचे पैसे देतं आणि कशाचे देत नाही? ओढ कोणती, फेरे कोणते? अंदाजाने लिहू नका, दहा गिऱ्हाइकांना विचारा.

३. वस्तू छोटी केली तर कुठले खर्च कमी होतात आणि कुठले "एकच" राहतात? दोन वेगळे रकाने करा. दुसरा रकाना खरा आहे, तिथेच माणूस बुडतो.

४. तो दुसरा रकाना भरून निघायला महिन्याला किती नग विकावे लागतील? तेवढी गिऱ्हाइकं तुमच्या गावात आहेत का? माझ्या पत्रावळीच्या मशीनला हाच प्रश्न विचारायचा राहिला होता.

५. दोन वर्षांनी हेच गिऱ्हाईक मोठं झालं तर त्याला काय विकणार?

नवीन मशीन, नवीन कर्ज, नवीन गाळा घेण्याआधी पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं आकड्यांत आली पाहिजेत. "होईल काहीतरी" हे उत्तर बँक मान्य करते, हप्ता करत नाही.

पुढच्या वेळी रस्त्यात छोटा हत्ती हळूहळू चढ चढताना दिसला, तर हॉर्न मारून पुढे जा, हरकत नाही. पण मनात एकदा म्हणा, हिला पळायला बनवलंच नाही. ही कुणाचं तरी घर चालवायला बनवली आहे.

तुमच्या वहीतला दुसरा रकाना मला नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातले दोन-तीन हिशोब आपण मिळून सोडवू.

चला, भेटू लवकरच. धंदा करा, पण हिशोबाने करा.